पाय दाबला की पेटणारा दिवा

माझी बायको गोदा मोटारीत बसायची ती मागच्या बाकावर, बरोबर मधोमध. खिडकीच्या जागा मोठ्या माणसांच्या. एकीकडे माझी माय, दुसरीकडे जी कोण पाहुणी असेल ती, आणि सून मधे. पुढं मी चालवणार आणि माझ्या शेजारी अप्पा, म्हणजे माझे वडील. मधे बसणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही. तिला दिसायची ती आम्हा बापलेकांच्या खांद्यांमधली फट, आणि त्या फटीतून समोरचे काटे आणि दिवे. ही साधी गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या फटीमुळं घडलं. गोदा जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. लोक म्हणतात लिहून काढा, मन हलकं होतं. मन काही हलकं होत नाही, उगाच कुणी सांगू नये. पण लिहायला बसलो की ती मागं बसलेली आहे असं वाटतं, म्हणून लिहितो. सातवीतनं शाळा सुटलेला माणूस मी, चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

केजला आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे गोणपाटाचा पडदा. सकाळी आधी अप्पांची पूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून ते डाव्या तळहातावर घ्यायचे, आणि तेवढा वेळ घरात भांड्याला भांडं लागलेलं त्यांना चालायचं नाही. पूजा संपली की डबी मिटल्याचा टक् असा आवाज यायचा, आणि घर सुटायचं. मायच्या हातातलं पातेलं, दुकानातली तागडी, समोरच्या गिरणीची टुकटुक, गोदाच्या भाकरी थापायच्या टाळ्या, सगळं एकदम. येसराची आमटी चुलीवर चढली की तिचा भाजका वास पडदा ओलांडून दुकानात यायचा, आणि गिऱ्हाईक गूळ घ्यायचा विसरून विचारायचं, "आज काय बेत हाय, आप्पा?" तेवढ्यात स्टँडावरून कंडक्टरची आरोळी यायची, "धारूर, तेलगाव, वडवणीऽऽ." वडवणी हे गोदाचं माहेर. आरोळी आली की तिच्या भाकरीची टाळी एक चुकायची. मला ते तेव्हाच कळत होतं. पण नव्या नवऱ्यानं बायकोला असलं काही विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

अप्पांचं आणि एसटीचं वाकडं होतं. एकदा आंबाजोगाईला जाताना गर्दीत त्यांची टोपी डोक्यावरून पडली आणि लोकांच्या पायाखाली गेली. टोपी म्हणजे अप्पांचा जीव. झोपताना काढली तर उशाशी, आणि बिनटोपीचं त्यांना आम्ही पोरांनी सुद्धा क्वचितच पाहिलेलं. त्या दिवशी ते तसेच पायी घरी परत आले आणि म्हणाले, "पुन्ना एसटीत पाय ठेवला तर माझं नाव बदला." पुढं कधीतरी हैदराबादच्या एका जुन्या घरातली परदेशी डिझेल मोटार विकायला निघाली आहे असं त्यांच्या कानावर आलं. घरात कुणाशी बोलले नाहीत, सरळ घेऊनच आले. दह्याच्या रंगाची, लांबलचक, दार लावलं की धान्याच्या कोठीचं झाकण पडावं असा भरीव आवाज. आत जे लिहिलं होतं ते कुणालाच वाचता येईना. मी मामाच्या जीपवर हात बसवलेला होता, म्हणून चालवायला मी. केजात तेव्हा जीप होत्या, ट्रॅक्टर होते, पण असली मोटार एकच. अप्पा दुकानातून दर थोड्या वेळानं बाहेर येऊन तिच्याकडं बघून जायचे, जसं कुणी दावणीच्या खिलारी बैलाकडं बघावं.

मग एका सोमवारी तो दिवा लागला. आम्ही सगळे महादेवाच्या देवळाकडून परत येत होतो, उताराला शेळ्यांचा कळप आडवा आला, मी ब्रेकवर पाय दाबला आणि समोरच्या काचेत तांबडं काहीतरी पेटलं. मधे एक गोल आणि गोलाच्या दोन्ही अंगाला तुटक तुटक कोरी. माय मागून पुढं वाकली आणि तिनं हातच जोडले. "पिंडी हाय बघा. दोनी बाजूला बेलाची पानं. सोमवारीच उमटली." घरी आल्यावर मायनं बोटावर विभूती घेतली आणि त्या काचेवर तीन रेघा ओढल्या. हसू नका. रोज सकाळी तळहातावर गोल लिंग बघणारं घर आमचं. आम्हाला तांबड्या उजेडात गोल दिसला की दुसरं काय आठवणार? अप्पासुद्धा आधी खूषच होते. आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होते की देव मोटारीत उतरला. पण बाजारात लोक काय गप्प बसतात? पलीकडच्या दुकानातला तेली म्हणाला, "आप्पा, देव न्हाई तो. मोटारीचे डोळे आलेत. दुधाच्या घड्या ठेवा." सगळा बाजार हसला, आणि अप्पांचा देव त्या दिवशीच उतरला. मला म्हणाले, "बळीरामला बोलव. तो दिवा बंद झाला पाहिजे."

बळीराम मिस्त्री जीप आणि ट्रॅक्टरमधला वाघ माणूस. आवाजावरून सांगायचा कुठलं बेअरिंग गेलं ते. पण जीपला असला दिवाच नव्हता, तर त्याला तरी काय माहीत? त्यानं चाकामागं हात घातला, चाचपडून एक बारीक वायर बाहेर काढली, मला म्हणाला, "दाब बे पाय." मी दाबला, दिवा लागला. त्यानं वायर उपटली. "आता दाब." दिवा नाही. वायरीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यानं ती वर बांधून टाकली आणि हात पुसत म्हणाला, "परदेशी लोकांचे चोचले हायत हे. गाडी फस्क्लास हाय." अप्पांनी त्याला चहा पाजला, वर नारळ दिला. मायनं मात्र त्या दिवशी तोंडात घास घातला नाही. "पेटलेला दिवा कुणी विझवतं का?" एवढंच म्हणत राहिली. अप्पा म्हणाले, "देव देवघरातच बरा." या सगळ्यात गोदा पडद्याआड शेंगा फोडत बसली होती. बोटांची कटकट चालू होती, आणि मधेच ती मला म्हणाली, "अवं, नुसता दिवा न्हाई तो. तुमी पाय दाबला की पेटतो. सरळ रस्त्याला कवाच पेटला न्हाई." मी म्हणालो, "बरं." नवरे म्हणतात तसं बरं.

आता माझ्याकडं जी गाडी आहे ती पण म्हातारीच आहे, माझ्यासारखी. लेकीनं वापरून झालेली. मागच्या महिन्यात हिच्या पण काचेत तसाच गोल पेटला, कोरी त्याच. जग एवढं बदललं, पण त्या गोलाचं चित्र काही कुणी बदललं नाही. गॅरेजवाल्या पोरानं तपासायचा डबा जोडून बघितला आणि म्हणाला, "काका, सेन्सरची भानगड हाय. वायर जोडून देतो, दिवा बंद." मी म्हणालो, "चाक काढ." तो म्हणाला, "गरज न्हाई काका." मी म्हणालो, "गरजेचं तुला विचारलं का? चाक काढ." त्याचं पुढं काय निघालं ते शेवटी सांगतो. आधी वडवणीचं सांगतो.

गोदाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तिचे वडील गुडघ्यानं अधू झालेले, घ्यायला येऊ शकत नव्हते, म्हणून आम्हीच पोचवायची असं ठरलं. केजवरून वडवणीला जायचं म्हणजे धारूर, आणि धारूरनंतर घाट. ज्यानं तो घाट उतरलाय त्याला सांगायला नको. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला सीताफळीच्या झाडांनी भरलेली दरी, आणि वळणं अशी की समोरून ट्रक आला तर दोघांपैकी एकानं मागं जायचं. जंगमस्वामींनी सकाळची वेळ काढून दिली. मायनं पहाटे उठून धपाटे केले, शेंगाची चटणी कुटली, दह्याचं गाडगं फडक्यात बांधलं. गोदानं हिरवं लुगडं नेसलं, ओटी भरली, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार केला आणि ती दुकानाच्या दारातून उंबरा ओलांडून ओट्यावर आली. ओट्याखाली मोटार धुऊनपुसून उभी. आळीतल्या बायका जमलेल्या, तेली दुकानातून मान काढून बघत होता. मी दार उघडून धरलं. गोदा दारापाशी आली, वाकली, आत काचेकडं बघितलं, आणि तशीच सरळ उभी राहिली.

"तो दिवा परत लावला का?" तिनं हळूच मला विचारलं.

"न्हाई. कावून?"

"मग मी हिच्यात बसत न्हाई."

एवढं ती हळू बोलली, पण आळीला ऐकू गेलं. आळीचे कान तुम्हाला माहीत आहेत. अप्पा पुढचं दार धरून उभे होते. म्हणाले, "काय झालं? सुनबाई काय म्हणती?" मी काही बोलायच्या आत तिनंच पदर सारखा केला, मान खाली घातली आणि बोलली. सासऱ्यासमोर ती एवढं लांब कधी बोलली नव्हती.

"मामंजी, एसटीनं धाडा मला. ह्या मोटारीतनं घाट उतरायचा न्हाई."

"माझ्या मोटारीतनं?" अप्पांचा आवाज चढला. "मिस्त्रीनं बघितलीय ती. तुला मिस्त्रीपक्षा जास्त कळतं?"

"कळत न्हाई, म्हणून तर बघा म्हणते. आमच्या इहिरीचा रहाट कुरकुरला की माझा बाप तेल घालत न्हवता. आदी आस झिजला का बघायचा. तेल घातलं की कुरकुर थांबती, आस काय भरून येत न्हाई. इथं पाय दाबला की दिवा वरडत होता. मिस्त्रीनं त्याचं तोंड बांधलं. वरडत कावून होता, ते कुणी बघितलं?"

तेली तिकडून म्हणाला, "वडवणीला लेकींना रहाटाचं शिकवत्यात वाटतं!" बायका पदराआड हसल्या. अप्पांचं तोंड तांब्याच्या घागरीसारखं झालं. तिला आत नेऊन समजावता आलं असतं, चार दिवसांनी निघू म्हणता आलं असतं. पण मायनं आडवा हात धरला. ओटी भरून उंबरा ओलांडलेली लेकुरवाळी होणारी बाई परत आत येत नाही, आमच्यात तो मोठा अपशकुन. म्हणजे आता दोनच वाटा राहिल्या, मोटार नाहीतर एसटी. आणि एसटी म्हणजे सगळ्या केजासमोर अप्पांच्या मोटारीला आणि शब्दाला खोटं पाडणं. गोदा ओट्यावर ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसली, ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून. तिला भीती घाटाची नव्हती, माणसांची होती. आज ती आमच्या घरात कायमची वाईट ठरणार होती, नाहीतर तिच्या पोटातलं घाटात जाणार होतं. तिनं वाईट ठरायचं ठरवलं होतं.

मी बापाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि नवा सदरा काढून मायच्या हातात दिला. "अप्पा, नुसतं बघतो. चाक काढून बघतो. चांगलं निघालं तर तुमचा शब्द."

पोत्यावरून ती म्हणाली, "चांगलं निघालं तर मी गुमान बसते. आन् पुन्ना तोंड उघडायची न्हाई."

अप्पा म्हणाले, "ऐकलं ना सगळ्यांनी? काढ चाक."

जॅक लावला. ओट्याकडचं उजवं चाक आधी काढलं. आत लोखंडाची थाळी असते, चाकाबरोबर फिरते, आणि तिला दोन्हीकडून पट्ट्या दाबतात म्हणजे गाडी थांबते. ती पट्टी झिजत जाते, वहाणेच्या टाचेसारखी. मी वाकून बघितलं. पट्टी होती. बोटाच्या जाडीची नसेल, पण चांगली होती, थाळी गुळगुळीत. मी उठायच्या आत तेल्यानं वाकून बघितलंच आणि ओरडला, "चांगली हाय की!" अप्पांनी टोपी नीट केली, घसा खाकरला. "झालं समाधान? बसा आता." माय गोदाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल बाई." गोदा उठली. बोलली होती तशी गुमान उठली. दोन पावलं आली आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली,

"पलीकडचं?"

पलीकडचं चाक काढलं. ते जरा अडकून आलं. त्यातून जळक्या लोखंडाचा वास आला, आणि मला बघायच्या आधीच कळलं. पट्टी नव्हतीच. पट्टी ज्याच्यावर बसवतात तो नुसता लोखंडी पत्रा राहिला होता, आणि लोखंडानं लोखंड खाल्लं होतं. थाळीवर रेघा पडल्या होत्या, नांगर फिरलेल्या रानासारख्या. आणि वर, ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधलेली ती बारीक वायर. मी ती ट्यूब सोडली. वायरीचं टोक घासून चांदीसारखं लखलखत होतं. पट्टी संपत आली की ते टोक थाळीला टेकायचं आणि दिवा लागायचा. एवढंच तिचं काम. रोज करत होती बिचारी.

कुणी हसलं नाही. अप्पा धोतर सावरून खाली बसले. त्यांनी बोट त्या रेघांवरून फिरवलं, काळं झालेलं बोट बघत बसले. मग उठले, आणि स्टँडाच्या दिशेनं चालू लागले. आम्हाला वाटलं रागानं गेले. तेवढ्यात आरोळी आली, "धारूर, तेलगाव, वडवणीऽऽ." माय म्हणाली, "जा रे, बघ कुठं गेले." मी हात पुसत धावलो. एसटी लागलेली, दाराशी ही झुंबड, कोपरांनी माणसं माणसांना लोटत होती. आणि त्या गर्दीच्या अंगाला, खिडकीखाली, टाचा उंच करून अप्पा उभे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, खिडकीतनं आत हात घातला आणि ती बाकावर टाकली. आमच्याकडं जागा धरायची ती अशीच, रुमाल टाका नाहीतर पिशवी टाका. अप्पांकडं त्या वेळी दोन्ही नव्हतं. मागं वळले तेव्हा त्यांचं टक्कल उन्हात चमकत होतं आणि अर्धं केज बघत होतं. मला म्हणाले, "बघत काय उभा राह्यलास? आण तिला. खिडकीची जागा धरलीय."

गोदा खिडकीत बसली, मी शेजारी. अप्पांची टोपी तिनं मांडीवर, ओटीतल्या नारळाशेजारी ठेवली, घडी मोडू न देता. अप्पा खाली खिडकीशी उभे होते. टोपी द्यायला तिनं हात बाहेर काढला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वडवणी येईस्तवर जागा सोडू नको. टोपी मागनं दे." एसटी हलली. धारूरच्या पुढं घाट सुरू झाला. ड्रायव्हरनं गेर टाकला, इंजिन घुरघुरायला लागलं, सीताफळीच्या फांद्या खिडकीला घासत जात होत्या. गोदानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "अवं, हिला हाय का तसला दिवा?" मी म्हणालो, "हिला भोंगा बी धड न्हाई." ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते तिनं नारळावर पडू दिलं. मग धपाटं मोडून अर्धं मला दिलं.

पट्ट्या हैदराबादहून यायला बरेच दिवस गेले. बळीराम मिस्त्रीनंच बसवल्या. म्हणाला, "मी जीपवाला गडी. जीपला वायर नसती, आवाज असतो. हिला वायर हाय, आवाज न्हाई. आता कळलं." असं सरळ म्हणणारा माणूस होता. वायर त्यानं जागेवर जोडली. मायचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत बदललं नाही. तो देवच होता, नाहीतर नेमका सुनेलाच कावून कळला असता? तिनं काचेवरच्या विभूतीच्या रेघा कुणाला पुसू दिल्या नाहीत. वडवणीला लेक झाली. तिला आणायला मोटार घेऊन मी आणि अप्पा गेलो. गोदा लेकीला घेऊन मागं बसायला लागली, तर अप्पा आधीच मागं जाऊन बसलेले. म्हणाले, "तू पुढं बस. तुला दिवे बघायचे असत्यात." केजात तेव्हा सून सासऱ्याच्या पुढं बसत नव्हती. ती बसली. पोर पदराखाली घेतलं, समोर बघितलं आणि मला म्हणाली, "दाबा बघू पाय." मी दाबला. काच काळीच राहिली. "चला आता," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही किती गाड्या बदलल्या, त्या सगळ्यांत हे चाललं. देवदर्शनाला जायचं असो की लेकीच्या लग्नाच्या साड्या आणायला, किल्ली पुरती फिरवायच्या आधी ती म्हणायची, "दाबा बघू." पाहुण्यांसमोर म्हणायची, जावयासमोर म्हणायची. मी वैतागून म्हणायचो, "अगं दाबला, दाबला." तिच्या स्वतःच्या वेळी कुठलाच दिवा लागला नाही. सकाळी ताक केलं, मला म्हणाली लोणी काढून ठेवा, आणि न्हाणीच्या दारात बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले आतून झीज झालेली असते, कळत नाही.

त्या गॅरेजवाल्या पोरानं शेवटी चाक काढलं, मग दुसरं काढलं, मी म्हणालो म्हणून चारी काढली. पट्ट्या चांगल्या होत्या. वायर उंदरानं कुरतडली होती. पोरगं म्हणालं, "बघा काका, म्हणलं न्हवतं? उगाच खटाटोप." मी म्हणालो, "नवी वायर टाक. आन् बघितल्याचं काय जात न्हाई बे." गोदा असती तर तिनं हेच म्हटलं असतं, फक्त बे म्हटलं नसतं.

आता दिवा लागत नाही. तरी रोज गाडीत बसलो की मी किल्ली अर्धी फिरवतो, आधी पाय दाबतो आणि काचेत बघतो. शेजारच्या जागेवर माझी टोपी काढून ठेवतो. मग बसतो जरा वेळ तसाच, पाय दाबून. "चला आता" म्हणायला कुणी नसतं, म्हणून किल्ली पुढं फिरवायला उशीर होतो.